बिनशर्त शरणागतीच्या अटी

पंधरा ऑगस्टला नागपूरच्या सीताबर्डीचा किल्ला लोकांसाठी उघडतात. एरवी तो लष्कराकडे असतो, म्हणून त्या दिवशी बर्डीवर सकाळपासूनच रांग. गेल्या खेपेला भाच्याला घेऊन गेलो होतो. तो एमपीएससीची तयारी करतो आणि रांगेतसुद्धा पुस्तक खाली ठेवत नाही. अर्धा तास झाल्यावर त्यानं मान वर केली.

"मामा, इथं लिहिलं आहे का १९४५ मध्ये जपान बिनशर्त शरण आला. आणि पुढच्या पानावर आहे का त्यांचा सम्राट १९८९ पर्यंत गादीवरच होता. बिनशर्त होतं तर मग सम्राट काहून राहिला?"

प्रश्न मुद्द्याचा होता आणि दिवसही नेमका जुळून आला होता. युद्ध थांबल्याचं सम्राट हिरोहितोंनी रेडिओवरून आपल्या प्रजेला सांगितलं, तो दिवस १५ ऑगस्ट १९४५ चा. आपल्या स्वातंत्र्यासाठी हीच तारीख निवडताना जपानची शरणागती मनात होती, असं माउंटबॅटननी पुढे सांगितलं आहे. रांग काही हलत नव्हती. मी तीस वर्षं दिवाणी वकिली केली आहे, त्यामुळे मला कुठलीही गोष्ट ताबा आणि खरेदीखताच्या भाषेतच समजावता येते. त्याला तशीच समजावली. ती आता जरा नीट लिहून काढतो.

भावाभावांत घरावरून वाद असला की भांडण थांबणं वेगळं, एकानं ताबा सोडणं वेगळं आणि सातबाऱ्यावर नाव चढणं वेगळं. आमच्या पक्षकारांना हेच कळत नाही. किल्ली हातात आली की पेढे वाटतात. युद्धाचंही असंच असतं. गोळीबार तेवढा थांबला की तो युद्धविराम, मग तो प्रेतं उचलण्यापुरता दोन तासांचाही असतो. दोन्ही सैन्यांनी लेखी कलमं ठरवून लढाई थांबवली की शस्त्रसंधी. तिच्यात कोणी हरलेलं असतंच असं नाही, आणि कायद्याच्या नजरेत युद्ध चालूच असतं. १९०७ च्या हेग नियमांत तर सरळ लिहिलं आहे की शस्त्रसंधीला मुदत घातली नसेल, तर आगाऊ सूचना देऊन कोणीही पुन्हा लढाई सुरू करू शकतो. कोरियात २७ जुलै १९५३ ला झाली ती शस्त्रसंधीच, आणि तिच्या पुढचा कागद आजपर्यंत झालेला नाही. शरणागती म्हणजे एका बाजूनं हत्यारं खाली ठेवून ताबा देणं. आणि तह म्हणजे खरेदीखत. मुलूख कोणाचा, भरपाई किती, कैदी कधी सुटणार, आणि आजपासून आपल्यात युद्धाची स्थिती नाही हे एक वाक्य, एवढं सगळं त्यात येतं.

वर्तमानपत्रात "युद्ध संपलं" असा मथळा येतो तो बहुधा ताब्याच्या दिवशी. फेरफार व्हायला पुढे वर्षं लागतात.

आता सगळ्यात अडचणीचा प्रश्न. एक बाजू पुरती हरली आहे, तर जिंकणाऱ्यानं तिच्याशी बोलायचंच कशाला?

लढाईत जिंकायचं आणि तहात हरायचं, हे मराठ्यांबद्दल आपण इतक्यांदा ऐकलं आहे की त्याची उलटी बाजू पाहायचं राहून जातं. लढाईत सगळं घालवून तहात काहीतरी कमावणारा माणूसही आपल्याच इतिहासात आहे: दुसरा बाजीराव. तो मलाही आवडत नाही, पण वकील म्हणून त्याचा शेवटचा सौदा वाचताना दाद द्यावी लागते. फेब्रुवारी १८१८ मध्ये आष्टीच्या लढाईत बापू गोखले पडले, साताऱ्याचे छत्रपती इंग्रजांच्या हाती गेले. बाजीराव पूर्वेकडे, आपल्या विदर्भात शिरला. १७ एप्रिलला आजच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या शिवणीजवळ पुन्हा मार बसला. तिथून पळत पळत तो बऱ्हाणपूरजवळच्या अशीरगडाच्या आसपास पोचला. सैन्य रोज गळत होतं, खजिना रिकामा. आणि तरीही ३ जून १८१८ रोजी तो इंग्रज सेनापती जॉन माल्कमच्या छावणीत आला तो वर्षाला आठ लाख रुपये तनख्याचं वचन पदरात पाडून. राज्यावरचा हक्क सोडायचा आणि उत्तरेत जाऊन राहायचं, ही त्याची किंमत. पुढे कानपूरजवळच्या बिठूरला तो १८५१ पर्यंत जगला. हिशेब केला तर अडीच कोटींच्या वर रक्कम होते.

माल्कमवर तेव्हाच टीका झाली, गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जलाही रक्कम जास्त वाटली. पण माल्कमचं गणित साधं होतं. पावसाळा तोंडावर आला होता. अशीरगडाचा किल्लेदार बाजीरावाला आत घेण्याची शक्यता होती, आणि तो आत गेला असता तर तोफा ओढत नेऊन वेढा घालणं आलं. शिवाय पेशवा मोकळा फिरतो आहे म्हटल्यावर त्याच्या नावानं कुठेही बंड उभं राहिलं असतं. बाजीरावाकडे राज्य नव्हतं, सैन्य नव्हतं, पण विकण्यासारखी एक वस्तू शिल्लक होती: पुढच्या सहा महिन्यांची कटकट. ती त्यानं विकली. शरणागतीच्या बोलण्यांत हरणाऱ्याकडे नेहमी दोनच माल असतात. एक, अजून किती नुकसान करू शकतो ते. दुसरा, त्याच्या शब्दाखातर त्याची माणसं हत्यार ठेवतील का ते. यातलं दुसरं जास्त महागडं, हे जपानच्या गोष्टीत दिसतं.

"बिनशर्त शरणागती" हा शब्द रूझवेल्टनी जानेवारी १९४३ मध्ये कॅसाब्लांकाच्या बैठकीनंतर जाहीरपणे वापरला. त्यामागे पहिल्या महायुद्धाची ठेच होती. ११ नोव्हेंबर १९१८ ला पहाटे फ्रान्समध्ये कोंपियेन्यच्या जंगलात, रेल्वेच्या डब्यात जी सही झाली ती शस्त्रसंधीची. तेव्हा जर्मनीच्या भूमीवर शत्रूचं सैन्य नव्हतं, आणि जर्मन शिष्टमंडळाचा प्रमुख होता माथियास एर्त्सबर्गर नावाचा मुलकी राजकारणी. सरसेनापती हिंडेनबर्गची त्या कागदावर सही नाही. नंतर सेनापतींनी हात झटकले आणि जर्मनीत एक कंडी पिकली की सैन्य हरलंच नव्हतं, पुढाऱ्यांनी पाठीत सुरा खुपसला. एर्त्सबर्गरचा १९२१ मध्ये खून झाला. हिटलर याच कंडीवर पोसला. त्यामुळे दुसऱ्या खेपेला दोस्तांनी ठरवलं होतं की अर्धवट काही नको, आणि सही सेनापतीचीच पाहिजे.

आता २६ जुलै १९४५ ची पॉट्सडॅमची घोषणा घ्या. अमेरिका, ब्रिटन आणि चीननं जपानला दिलेली ती नोटीसच होती. तेरा कलमं. आमच्या धंद्यात नोटीस शेवटाकडून वाचायची सवय असते. तेराव्या कलमात बिनशर्त शरणागतीची मागणी आहे, पण ती कोणाची? "जपानच्या सर्व सशस्त्र दलांची". त्याआधीच्या कलमांत मात्र चक्क अटी आहेत, आणि त्या जिंकणाऱ्यानं स्वतःवर घालून घेतलेल्या आहेत. निःशस्त्र झालेल्या सैनिकांना घरी जाऊ देऊ. जपानी लोकांना गुलाम करणार नाही, राष्ट्र म्हणून नष्ट करणार नाही. उद्दिष्टं पुरी होऊन लोकांच्या इच्छेचं जबाबदार सरकार आलं की आमचं सैन्य माघारी जाईल. सम्राटाबद्दल एक अक्षर नाही. मूळ मसुद्यात घटनात्मक राजेशाही राहू शकेल असा उल्लेख होता, तो शेवटच्या टप्प्यावर गाळला गेला. ठेवू म्हटलं नाही, काढू म्हटलं नाही. जागा कोरी सोडली. मसुद्यातली कोरी जागा ही नजरचूकच असते असं नवीन वकिलांना वाटतं.

६ ऑगस्टला हिरोशिमा. ८ तारखेला रशियानं युद्ध पुकारलं. ९ ला नागासाकी. त्याच दिवशी टोकियोत सहा जणांची सर्वोच्च युद्धसमिती बसली होती आणि तिच्यात तीन विरुद्ध तीन अशी फूट होती. शरण जायचं यावर आता वाद उरला नव्हता, वाद होता अटी किती घालायच्या यावर. परराष्ट्रमंत्री तोगोंच्या बाजूचे म्हणत होते एकच अट: सम्राटपद राहिलं पाहिजे. युद्धमंत्री अनामी आणि दोन्ही दलांच्या प्रमुखांना चार हव्या होत्या: सम्राट राहावा, हत्यारं आम्ही आमची खाली ठेवू, युद्धगुन्हेगारांचे खटले आम्ही चालवू, आणि परक्या सैन्याचा तळ शक्यतो नको. एवढी शहरं जळाल्यावर चार अटी मागणारी माणसं वेडी वाटतात. पण त्यांच्या दृष्टीनं अजून देशाबाहेर लाखो सैनिक होते, आणि तोच त्यांचा माल होता.

मध्यरात्रीनंतर सम्राटानं एका अटीच्या बाजूनं कौल दिला. शत्रूच्या राजधानीत वकिलात नसते, म्हणून निरोप तटस्थ देशांमार्फत गेला, स्वित्झर्लंड आणि स्वीडन. १० ऑगस्टचा हा निरोप वाचण्यासारखा आहे. पॉट्सडॅम मान्य, मात्र त्यात सार्वभौम राज्यकर्ता या नात्यानं सम्राटाच्या अधिकारांना बाध आणणारी मागणी नाही, अशी आमची समजूत आहे. "अशी आमची समजूत आहे" हे वाक्य मी स्वतः किती तडजोडपत्रांत घातलं असेल, मोजदाद नाही. अट म्हणायचं नाही, पण अट घालायची.

अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री बर्न्स यांचं उत्तर त्याहून तयारीचं. त्यांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. शरणागतीच्या क्षणापासून सम्राट आणि सरकार यांचे अधिकार दोस्तांच्या सरसेनापतीच्या अधीन राहतील, आणि अखेरीस सरकार कोणत्या प्रकारचं असावं हे जपानी जनता मोकळेपणी ठरवेल. म्हणजे सम्राट "अधीन राहील". अधीन राहायला आधी राहावं तर लागेल! टोकियोत यावरच घोळ झाला. परराष्ट्र खात्यानं "अधीन" या शब्दाचं भाषांतर जरा मऊ केलं, अधिकारांवर मर्यादा येईल अशा अर्थाचं. सैन्याच्या भाषांतरकारांनी तोच शब्द दास्याच्या अर्थानं मांडला. एका शब्दावर साम्राज्य दोन दिवस अडून बसलं. १४ ऑगस्टला सम्राटानं दुसऱ्यांदा निर्णय दिला. त्याच रात्री काही तरुण अधिकाऱ्यांनी राजवाड्यात घुसून त्याच्या भाषणाच्या ध्वनिमुद्रिका शोधायचा प्रयत्न केला. त्या सापडल्या नाहीत आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता भाषण वाजलं. दरबारी भाषेतलं ते भाषण पुष्कळांना धड कळलंही नाही. त्यात "शरणागती" हा शब्द नाही. युद्धाची परिस्थिती जपानच्या फायद्याची झालेली नाही, असं आहे.

भाच्याला एवढं सांगेपर्यंत आम्ही दरवाज्यापर्यंत आलो होतो. तो म्हणाला, "म्हणजे अट मान्य झाली का नाही?" कागदावर नाही. पण आशियाभर पसरलेल्या त्या सैन्याला हत्यार ठेवा म्हणून सांगणारा, आणि ज्याचं ते ऐकतील असा, एकच माणूस होता. त्याला काढून टाकलं असतं तर प्रत्येक बेटावर वेगळी लढाई करावी लागली असती. सम्राट राहिला तो त्याचा उपयोग होता म्हणून. पुढच्या राज्यघटनेत त्याची सत्ता काढून घेतली गेली आणि तो राष्ट्राचं प्रतीक उरला, म्हणजे बर्न्सचं वाक्यही खरं ठरलं आणि टोकियोची समजूतही.

मान्यता आणि सही यांच्यात अठरा दिवस गेले. या काळाकडे कोणी पाहत नाही, पण खरी खटपट इथेच असते. १९ ऑगस्टला लेफ्टनंट जनरल कावाबे यांच्याबरोबर सोळा जणांचं शिष्टमंडळ मनिलाला निघालं. विमानं पांढरी रंगवून त्यांवर हिरवे क्रॉस काढायला लावले होते, म्हणजे कोणी पाडू नये. मनिलात वाटाघाटी अशा नव्हत्याच. सुरुंग कुठे पेरलेत, विमानतळ कोणता, कैद्यांच्या छावण्या कुठे, कोणत्या भागातल्या जपानी सेनापतीनं कोणत्या दोस्त सेनापतीला शरण जायचं, असा रोखठोक कारभार. पण एक गोष्ट अडली. सम्राटाच्या नावानं काढायच्या जाहीरनाम्याचा मसुदा अमेरिकनांनी तयार केला होता आणि त्यात सम्राट स्वतःला साधं "मी" म्हणत होता. जपानी सम्राट स्वतःसाठी वेगळंच सर्वनाम वापरत असे, जसं आपल्याकडे महाराजांच्या पत्रात "मी" शोधून सापडायचा नाही. शिष्टमंडळाचे चेहरे पांढरे पडले. अमेरिकन दुभाष्या अधिकाऱ्याच्या ते लक्षात आलं आणि सर्वनाम बदलण्यात आलं. दोस्तांचे सरसेनापती मॅकआर्थर यांनी त्याला हरकत घेतली नाही. हरलेल्याला उभं राहता येईल एवढी जागा ठेवली की त्याचे हुकूम त्याची माणसं ऐकतात, हे त्यांना कळत होतं.

२ सप्टेंबरला टोकियोच्या उपसागरात मिसुरी युद्धनौकेवर तेवीस मिनिटांत समारंभ उरकला. सम्राट आणि सरकारच्या वतीनं शिगेमित्सू, सैन्याच्या मुख्यालयाच्या वतीनं उमेझू. दोन सह्या मुद्दाम. १९१८ सारखी पळवाट नको. आणि एवढ्या तयारीनंतर कॅनडाच्या प्रतिनिधीनं जपानच्या प्रतीवर चुकीच्या ओळीत सही केली, मग खालच्या सगळ्यांच्या सह्या एकेक ओळ सरकल्या. जपान्यांनी हरकत घेतली. मॅकआर्थरच्या चीफ ऑफ स्टाफनं छापील देशांची नावं खोडून हातानं पुन्हा लिहिली. आमच्या दुय्यम निबंधकाच्या कचेरीत असला कागद परत आला असता.

जर्मनीत तर सहीच दोनदा करावी लागली. ७ मे १९४५ ला पहाटे फ्रान्समध्ये रॅंसला जर्मन सेनापती योडलनं सही केली. जर्मनांचा डाव वेळ काढण्याचा होता: पश्चिमेकडे तेवढं शरण जायचं, म्हणजे पूर्वेकडच्या सैनिकांना रशियनांच्या हाती न पडता इकडे पळून येता येईल. दोस्तांचे युरोपातले सरसेनापती आयझेनहॉवर यांनी धमकावलं की आमची आघाडीच बंद करतो. शेवटी सुमारे दोन दिवसांची सवलत मिळाली. म्हणजे तिथेही "बिनशर्त" कागदात काही तास विकले गेलेच. स्टालिनला मात्र तो कागद मंजूर नव्हता. जागा बर्लिन हवी, सही त्याहून वरच्या अधिकाऱ्याची हवी. म्हणून ८ मेच्या रात्री बर्लिनच्या कार्ल्सहोर्स्ट भागात फील्डमार्शल कायटेलनं पुन्हा सही केली. युरोप ८ मे पाळतो आणि रशिया ९ मे, ते यामुळे.

सही झाली म्हणजे हुकूमनामा मिळाला. अंमलबजावणीची दरखास्त अजून बाकी. जपाननं राजघराण्यातले पुरुष मंचुरिया, चीन आणि आग्नेय आशियातल्या सेनापतींकडे पाठवले, कारण रेडिओवरचा आवाज खरा आहे हे त्यांना घरातल्या माणसाकडून पटायला हवं होतं. सिंगापूरचा समारंभ १२ सप्टेंबरला झाला. फिलिपाइन्सच्या लुबांग बेटावरचा हिरू ओनोदा हा अधिकारी मात्र १९७४ पर्यंत जंगलात लढतच राहिला. पत्रकं टाकली, माणसं पाठवली, त्याला सगळं शत्रूचं कपट वाटलं. शेवटी त्याच्या जुन्या वरिष्ठाला शोधून बेटावर नेलं. त्यानं तोंडी हुकूम वाचून दाखवला, तेव्हा कुठे बंदूक खाली आली.

ढाक्याचं फार सांगायला नको, आपल्याकडे तो फोटो घराघरांत आहे. एवढंच बघा की १६ डिसेंबर १९७१ ला पाकिस्तान शरण आला नाही, त्याचं पूर्वेकडचं सैन्य आलं. त्या सैन्याचे प्रमुख नियाझींना युद्धविराम हवा होता, आपले जनरल जेकब मसुदा घेऊन गेले तो शरणागतीचा. त्यात बांगलादेशचं नाव नको म्हणून पाकिस्तानच्या राव फरमान अलींनी आक्षेप घेतला. नाव राहिलं. बदल्यात काय मिळालं? जिनिव्हा करारानुसार सन्मानाची वागणूक आणि पश्चिम पाकिस्तानी लोकांच्या जिवाची हमी. आपल्या जुन्या भाषेत याला कौल म्हणतात. किल्ल्यातल्या शिबंदीनं कौल घेतला, म्हणजे जीव आणि अब्रूचं वचन घेऊन किल्ला खाली केला. हेग नियमांतही हेच आहे: एकदा ठरलेल्या शरणागतीच्या अटी दोन्ही बाजूंनी काटेकोर पाळायच्या. पश्चिम आघाडीवर युद्धविराम दुसऱ्या दिवशी, १७ तारखेला. सिमला करार २ जुलै १९७२ चा. आणि सुमारे ९३,००० कैद्यांचा प्रश्न त्यातही सुटला नाही. त्यासाठी ऑगस्ट १९७३ चा दिल्ली करार लागला आणि शेवटचे कैदी एप्रिल १९७४ मध्ये परतले. ताबा तेरा दिवसांत, कागद सव्वादोन वर्षांत.

जपानचं खरेदीखत म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोचा तह, ८ सप्टेंबर १९५१. तो अमलात आला २८ एप्रिल १९५२ ला, तोपर्यंत जपान परक्या सैन्याच्या अमलाखाली. भारत त्या परिषदेला गेला नाही. आपण ९ जून १९५२ रोजी जपानशी स्वतंत्र तह केला आणि नुकसानभरपाईचा दावा सोडून दिला. रशियानं सॅन फ्रान्सिस्कोत सही केली नाही. १९५६ च्या संयुक्त निवेदनानं त्या दोघांतली युद्धस्थिती संपली, पण कुरील बेटांच्या वादापायी शांतता तह अजून व्हायचाच आहे. ताबा एकाचा, सातबारा वादात. असे दावे मी बघितलेत.

तेवढ्यात आम्ही टेकडीवर पोचलो. खाली बर्डीची गर्दी, मेट्रोचे खांब. भाचा म्हणाला, "आणि इथं काय झालं होतं?"

इथे तर वर सांगितलेलं बहुतेक सगळं दीड महिन्यात झालं. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ला सीताबर्डीच्या दोन टेकड्यांवर भोसल्यांचं सैन्य आणि इंग्रजांची लहान फौज यांची लढाई झाली आणि इंग्रज टिकले. डिसेंबरात जनरल डव्हटन मोठी कुमक घेऊन आला. रेसिडेंट, म्हणजे दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी, जेनकिन्सनं नागपूरचे राजे अप्पासाहेब भोसल्यांना नोटीस दिली: तोफा आणि दारूगोळा द्या, अरब शिबंदीला, म्हणजे पदरच्या अरब शिपायांना, रजा द्या, स्वतः आमच्याकडे या, गादी परत मिळेल. १६ डिसेंबरला सकाळी अप्पासाहेब रेसिडेन्सीत आले. म्हणजे राजा शरण आला. पण डव्हटन तोफा ताब्यात घ्यायला निघाला तेव्हा पहिल्या काही तोफा मुकाट मिळाल्या आणि पुढच्यांनी गोळे टाकले. राजाचा हुकूम सैन्यापर्यंत पोचला नव्हता म्हणा, किंवा सैन्याला तो मानायचा नव्हता म्हणा. तिथे लढाई झाली, आणि अरब शिबंदी शहरात शिरून महालात ठाण मांडून बसली. राजा इंग्रजांच्या छावणीत, आणि त्याचं शहर त्याच्याच माणसांच्या हाती.

२४ डिसेंबरला इंग्रजांनी जुम्मा दरवाज्यावर हल्ला चढवला, तो फसला. आज नागपूरच्या महाल भागात ज्याला आपण गांधी गेट म्हणतो, तोच हा. त्याखालून रोज जाणाऱ्यांपैकी कितींना हे माहीत असेल कोण जाणे. हल्ला फसल्यावर बोलणी झाली. अरबांना राज्य नको होतं, बायकामुलं आणि हत्यारं घेऊन सुखरूप बाहेर पडायचं होतं. कुटुंब, सामान आणि स्वतःची हत्यारं घेऊन जाण्याचा कौल मिळाला, फक्त अशीरगडाकडे वळायचं नाही. ३० डिसेंबरला ते शहराबाहेर पडले. राजाच्या शरणागतीनं जे झालं नव्हतं ते शिबंदीच्या शरणागतीनं झालं.

मग ६ जानेवारी १८१८ चा करार. आमच्या भाषेत साठेखत. गव्हर्नर जनरलच्या मनात अप्पासाहेबांना पुन्हा गादी द्यायची नव्हती, पण जेनकिन्स शब्द देऊन बसला होता आणि तो पाळावा लागला. अप्पासाहेब गादीवर, कारभार इंग्रजांच्या मर्जीतल्या माणसांकडे, नर्मदेकडचा मुलूख आणि गाविलगड इंग्रजांना. आणि एक लहानसं कलम: सीताबर्डीच्या टेकड्या आणि लगतची जमीन इंग्रजांना, त्यांना हवी ती तटबंदी करायला मोकळीक.

"म्हणजे हा किल्ला लढाईच्या वेळी नव्हताच?"

नव्हताच. लोक येतात ती लढाई झालेला किल्ला बघायला, आणि उभे असतात करारातल्या एका कलमावर.

तो करार तीन महिनेही टिकला नाही. बाजीरावाशी गुप्त संधान बांधल्याच्या आरोपावरून मार्चमध्ये अप्पासाहेबांना अटक झाली. प्रयागकडे नेत असताना मे महिन्यात ते शिपायाच्या वेशात पहाऱ्यातून निसटले आणि महादेवाच्या डोंगरात गेले. गादीवर त्याच घराण्यातला एक मुलगा बसवण्यात आला, तिसरा रघुजी. नागपूर आणि इंग्रज यांच्यातला पक्का तह झाला तो त्याच्याशी, १८२६ साली. अप्पासाहेब भटकत भटकत जोधपूरला पोचले आणि १८४० मध्ये तिथेच वारले. ज्याच्याशी युद्ध झालं त्याची तहावर सही नाही.

भाच्यानं पुस्तकाच्या समासात काहीतरी लिहिलं. मी वाकून पाहिलं. "बिनशर्त" या शब्दाखाली रेघ आणि पुढे प्रश्नचिन्ह. परीक्षेत हे लिहू नको म्हटलं, तिथे बिनशर्तच लिही. मग उतरून आम्ही तर्री पोहे खायला गेलो.